आवाज फाटतो कोठे?



वसंत व्याख्यानमालेचा विषय म्हटला की संतवाङ्मय, समाजसुधारणा, फार तर अर्थकारण. घरातल्या स्पीकरचा आवाज किती वाढतो आणि तो कोठे फाटतो, हा विषय पत्रिकेवर पाहून काही मंडळींना ती छपाईची चूक वाटली, असे चिटणीस मला म्हणाले. चूक नाही. द्वारसभेत उभे राहून बोलणे हाच ज्याचा धंदा, त्याने आपल्या हत्याराची चौकशी करू नये तर काय करावे? सुतार रंध्याच्या पात्याला धार लावतो, विणकर धोट्यावरून हात फिरवून पाहतो. आमचे हत्यार भोंगा. मी कॉलेजात गेलेलो नाही. जे सांगणार आहे ते सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने मला शिकवले आहे. तेव्हा भाषा थोडी वर्कशॉपची वाटली तर सांभाळून घ्यावे.

प्रथम शब्दाविषयी. पुस्तकात 'ध्वनिविकृती' म्हणतात. साधी माणसे 'आवाज फाटला' म्हणतात, आणि मला हाच शब्द अधिक नेमका वाटतो. कापड ताणले म्हणून लगेच फाटत नाही. काही मर्यादेपर्यंत ते ताण सोसते आणि सोडले की पूर्ववत होते. स्पीकरच्या कागदाचे तसेच आहे. तारेतून येणाऱ्या विजेच्या हुकमाप्रमाणे तो जोवर तंतोतंत मागेपुढे हलतो, तोवर आवाज लहान असो की मोठा, तो मूळचाच असतो. सेकंदाला १०० हेलकावे घेण्याचा हुकूम आहे, पण प्रत्येक हेलकाव्याच्या टोकाला कागद अडखळतो, असे झाले की त्याच्या पोटातून २००चे, ३००चे, ४००चे हेलकावे निघू लागतात. हे स्वर गवयाने गायिलेले नसतात, यंत्राने पदरचे घातलेले असतात. दोन स्वर एकदम वाजत असले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात, आणि ते अधिक वाईट, कारण ते बहुधा कोणत्याच सुरात बसत नाहीत. मोठा आवाज आणि फाटका आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमधली रेघ नेमकी कोठे पडते, हे शोधण्यात आणि ती पुढे ढकलण्यात शंभर वर्षे गेली. त्या शंभर वर्षांची ही हकीकत आहे.

जर्मनीच्या वेर्नर सीमेन्सने चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे हलविण्याच्या युक्तीचे पेटंट १८७४ साली घेतले. त्याच्यापुढे तेव्हा तारायंत्र होते, गाणे नव्हते. इंग्लंडात ऑलिव्हर लॉजने १८९८ मध्ये हीच युक्ती आवाजासाठी योजली. पण युक्तीला जोर देणारे कोणी नव्हते. टेलिफोनच्या तारेतून येणारी वीज इतकी क्षीण, की ती कानाला लावलेली पत्र्याची चकती तेवढी थरथरवू शके. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ साली ऑडिऑन नावाचा काचेचा दिवा केला, पुढे त्यातून वीज वाढविता येऊ लागली, आणि मग मोठ्या आवाजाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

मौज अशी की तो घरात नव्हे, सभेत उभा राहिला. डेन्मार्कहून आलेला पीटर जेन्सन आणि त्याचा अमेरिकन जोडीदार एडविन प्रिडॅम यांनी कॅलिफोर्नियातील नापा गावी हलत्या वेटोळ्याला ग्रामोफोनचा कर्णा जोडला आणि १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे हजारो लोकांना एकाच वेळी भाषण व संगीत ऐकविले. यंत्राचे नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये 'महास्वर'. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगोच्या क्रीडांगणावर अध्यक्ष विल्सन काचेच्या खोलीत उभे राहून याच यंत्रातून सुमारे ५०,००० लोकांशी बोलले. आपल्याकडे नानिक मोटवाने यांच्या मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीने १९३० नंतरच्या काँग्रेस अधिवेशनांना कर्णे पुरविले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्या नावाची पाटी लावलेला मायक्रोफोन जुन्या छायाचित्रांतून अजूनही दिसतो.

सभेतल्या भोंग्याचा आवाज फाटला तरी चालते, हे मी अनुभवाने सांगतो. यामागे शास्त्र आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जे. सी. आर. लिक्लायडर याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानातल्या बोलण्यावर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९४६ साली मांडले. त्याने बोलण्याच्या लहरींची वरची आणि खालची टोके छाटली, पुष्कळ छाटली, इतकी की लहर उरलीच नाही, नुसता चौकोनी कंगवा राहिला. तरीही ऐकणाऱ्यांना बरेचसे शब्द कळत होते! माणसाची भाषा इतकी चिवट आहे. 'एकजुटीचा विजय असो' ही घोषणा कितीही फाटक्या भोंग्यातून ओळखता येते. पण सतारीचे तसे नाही. सतारीची लहर छाटली की सतार उरत नाही. म्हणून या मर्यादेचा खरा कस सभेत लागला नाही, तो दिवाणखान्यात लागला. आमच्या पिढ्यांचे कान सभेच्या आणि मंडपाच्या भोंग्यांवर तयार झाले, म्हणून घरातल्या स्पीकरचे फाटणेही आपण निमूट खपवून घेतो, असे माझे मत आहे. कोणाला ते कडू वाटेल.

घरात रेडिओ आला १९२० नंतर. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या वेळचा घरगुती स्पीकर म्हणजे टेलिफोनच्या चकतीवर बसविलेला हंसाच्या मानेसारखा कर्णा. आत लोखंडाची पातळ पट्टी किंवा चकती, तिच्याशेजारी चुंबक. आवाज थोडा वाढविला की लोखंड चुंबकाच्या टोकाजवळ जाई, आणि जितके जवळ जाई तितके चुंबक त्याला अधिक ओढी. म्हणजे पाव पाऊल पुढे टाकणाऱ्याला कोणी हिसका देऊन अर्धे पाऊल ओढावे, तसा प्रकार. शेवटी लोखंड टोकावर आपटून खडखडे. शिवाय बॅटरीवर चालणाऱ्या त्या संचांतून वॉटचा अंशच बाहेर पडे.

या खडखडाटातून सुटका केली ती चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत हे दोघे काम करीत. त्यांनी पुष्कळ प्रकारचे स्पीकर करून पाहिले आणि १९२५ साली आपला निबंध अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवला. कर्णा टाकून दिला. सुमारे सहा इंच व्यासाचा कागदी शंकू, त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे, वेटोळे चुंबकाच्या अरुंद खाचेत, आणि सगळे एका फळीच्या भोकात बसविलेले. आज आपल्या घरी जो स्पीकर आहे, मग तो टीव्हीत असो, फोनमध्ये असो, तो जवळजवळ नेहमी याचाच वंशज असतो. त्यांची मेख अशी, की शंकूची बैठक अगदी सैल ठेवावी, म्हणजे त्याचा स्वतःचा झोका गाण्याच्या स्वरांच्या खाली जातो आणि वरच्या सर्व स्वरांना सारखा न्याय मिळतो. यावरून जो संच बाजारात आला त्याचे नाव रेडिओला १०४. आत एक वॉटचा अँप्लिफायर, किंमत २५० डॉलर. एक वॉट! आज दुकानात एक वॉटचा स्पीकर मागितला तर दुकानदार हसेल.

त्याने हसू नये, हे पटविण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. घरगुती स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ८८ डेसिबल मिळतात. हा आवाज सुद्धा चांगला दणदणीत आहे. दोन वॉट दिले तर ९१. दहा वॉट दिले तर ९८, शंभर दिले तर १०८. आता कानाची गंमत पाहा. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाला असे वाटते. म्हणजे एकाचे शंभर वॉट केले, शंभरपट वीज ओतली, आणि कानाच्या हिशेबी आवाज झाला चौपट. आम्ही महागाईभत्त्याच्या वाटाघाटीत पुष्कळ आकडे पाहिले, पण इतका कंजूष हिशेब निसर्गानेच ठेवावा हे नवल.

दुसरा हिशेब याहून कडक आहे. खर्जाचा स्वर जितका खाली, तितका शंकूला लांब धाव घ्यावी लागते, आणि ही धाव सप्तकागणिक चौपट होते. आठ इंची स्पीकरमधून एक मीटरवर १०० डेसिबल हवे असतील, तर सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराला शंकू मध्यापासून दोन मिलिमीटरच्या आसपास हलला की भागते. ५० कंपनांना सात मिलिमीटर. २५ कंपनांना अठ्ठावीस, म्हणजे इंचाहून अधिक, आणि तेही दोन्ही बाजूंना. साधा आठ इंची स्पीकर पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की वेटोळे चुंबकाच्या खाचेबाहेर पडते, कागदाची कड ताणली जाते, आणि कापडाची उपमा खरी होते. बहुतेक घरी आवाज फाटतो तो असा, खर्जात आणि अंतराच्या टंचाईने; वॉट पुष्कळदा शिल्लक असतात. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक सांगते, 'गाण्यात घरघर येते'. कारागीर शंकूवर दोन बोटे ठेवून हलकेच दाबतो आणि कॉइल खाचेला घासते का ते ऐकतो. त्या दोन बोटांत वरचे सगळे गणित असते.

लोकांना मोठा आवाज मुळात हवा का असतो, हेही सांगितले पाहिजे. बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखविले, की आवाज लहान केला की कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. म्हणून हळू लावलेले गाणे पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखे लागते, आणि हात आपोआप बटणाकडे जातो. म्हणजे कानाची मागणी खर्जाची, आणि स्पीकरची दुबळी जागाही तीच.

याच प्रयोगशाळेतल्या सिव्हियन, डन आणि व्हाइट या तिघांनी १९३१ साली ७५ वादकांच्या वाद्यवृंदाची शक्ती मोजली. सगळे एकदम जोरात वाजवितात त्या क्षणी हवेत सुमारे ७० वॉट आवाज पडतो. ७० वॉट विजेचे नव्हेत बरे, आवाजाचे. घरगुती स्पीकर दिलेल्या विजेचा शंभरावा भाग आवाजात घालतो, बाकीच्या नव्व्याण्णव भागांची नुसती उष्णता. त्या हिशेबाने वाद्यवृंद जसाच्या तसा उभा करायला सात हजार वॉट ओतावे लागतील. सुदैवाने आपली खोली म्हणजे नाट्यगृह नव्हे. सिनेमागृहांचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि तो वेंट व थुरस यांच्या कर्ण्याने १९२६ नंतरच्या दोनतीन वर्षांत सोडविला. लांब, वळणाचा, क्रमाने रुंदावणारा कर्णा शंकूची आणि हवेची गाठ घट्ट बांधतो. त्यात विजेचा पाव हिस्सा आणि त्याहूनही अधिक आवाजात उतरत असे, म्हणून थोड्याशा वॉटमध्ये बोलपटाचे अख्खे थिएटर भरे. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद त्याच शहरात वाजला आणि तीन तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकू आला. नेहमीचा संचालक स्टोकोव्स्की वादकांपुढे नव्हताच, तो वॉशिंग्टनमध्ये बटणांशी बसला होता. न फाटता वाद्यवृंदाहून मोठा आवाज करणारी यंत्रणा तेव्हा झाली होती. फक्त ती दिवाणखान्यात मावत नव्हती.

ती दिवाणखान्यात कशी आणायची, यावर अमेरिकेत दोन पंथ झाले, आणि मला स्वतःला या इतिहासातला हाच भाग सर्वांत वाचनीय वाटतो.

पहिला पंथ पॉल क्लिप्श याचा. आर्कान्सा राज्यातल्या होप या लहान गावी, युद्धकाळात लष्करी नोकरीवर असताना, त्याने कर्ण्याची घडी घातली. लांब कर्णा लाकडी खोक्यात दुमडून बसविला, आणि खोके खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दोन भिंतींनाच कर्ण्याचे तोंड करून टाकले. १९४६ पासून त्याने हे खोके विकायला काढले. एका वॉटात शंभर डेसिबलच्या वर आवाज. शंकू जेमतेम हलतो, म्हणून फाटण्याचा प्रश्न फार उशिरा येतो. दोष एवढाच, की खोके कपाटाएवढे आणि खोलीला मोकळा कोपरा हवा.

दुसरा पंथ एडगर व्हिल्चर याचा. या गृहस्थाची पदवी कलेच्या इतिहासातली. इलेक्ट्रॉनिक्स शिकला तो महायुद्धात लष्करात, यंत्रे दुरुस्त करताना. माझ्यासारख्याला असा माणूस आवडला तर नवल नाही. त्याने प्रश्न उलटा विचारला. शंकू फाटका आवाज का काढतो? कारण त्याला परत जागेवर आणणारी कडेची आणि मागची कापडी-कागदी बैठक, ती स्प्रिंगसारखी सरळ वागत नाही. थोडे ओढले तर मऊ, जास्त ओढले तर एकदम ताठ. मग ती स्प्रिंगच काढून टाकली तर? त्याने बैठक पार सैल केली आणि खोके हवाबंद केले. आता शंकूला मागे ढकलायचे काम आतली कोंडलेली हवा करी, आणि हवेइतकी इमानी स्प्रिंग माणसाला करता आलेली नाही. पहिल्या नमुन्यासाठी शंकूची सैल कड गादीच्या खोळीच्या कापडाची होती आणि ती त्याच्या पत्नीने, रोझमेरी व्हिल्चर यांनी, बेतून दिली. १९५४ साली त्याने हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर दोन घनफुटांहूनही लहान खोक्यात बारा इंची शंकू घेऊन आला, आणि कपाटाएवढ्या खोक्यांतून निघत नव्हता असा स्वच्छ खर्ज त्यातून निघाला. पुढे या कंपनीने जाहीर मैफली केल्या. चार तंतुवादक वाजविता वाजविता मध्येच हात थांबवीत आणि स्पीकर पुढे वाजत राही. बदल कोठे झाला हे श्रोत्यांना ओळखता येत नसे. कामगारांना नफ्यात वाटा आणि आरोग्यविमा देणारी ही कंपनी होती, हेही माझ्या पेशाच्या माणसाने सांगायला हवे.

किंमत कोणती मोजावी लागली? कार्यक्षमता. व्हिल्चरचा स्पीकर वीज अधाशासारखा खाई. क्लॉसच्या पुढच्या कंपनीतला एक भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने एक 'पोलादी नियम' प्रसिद्ध आहे: लहान खोके, खोल खर्ज, थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतील. कामगार चळवळीतल्या लोकांनी लासालचा वेतनाचा पोलादी नियम ऐकलेला असतो. तो नियम कामगारांनी संघटना करून मोडला. हॉफमनचा कोणी मोडू शकलेले नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल याने १९७२-७३ मध्ये त्याचे पक्के गणित बसवून दिले, एवढेच. थीलचा निबंध मायदेशी छापून पडून राहिला, आणि १९७१ साली अमेरिकेत पुन्हा छापल्यावर जगाने वाचला. मोठ्या देशाच्या छापखान्यातून बाहेर पडल्याशिवाय ज्ञान ज्ञान ठरत नाही, असा हा व्यवहार.

अधाशी स्पीकर आले तसे मोठे अँप्लिफायर आले. काचेचे दिवे जाऊन ट्रान्झिस्टर आले. दिव्याचा अँप्लिफायर शक्ती संपत आली की लहरीची टोके हळूहळू गोल करतो. ट्रान्झिस्टरचा, कात्रीने कापावी तशी छाटतो. त्यामुळे फाटण्याला आता दुसरे ठिकाण मिळाले. आणि येथे या कथेत व्यापारी शिरला.

१९६० नंतर अमेरिकेत वॉटच्या आकड्यांचा बाजार भरला. कोणी क्षणभराची शक्ती मोजली. कोणी ती दुप्पट करून 'शिखरशक्ती' म्हटले. कोणी दोन्ही बाजूंची बेरीज केली. आवाज किती फाटलेला असताना मोजले, हे सांगायचे बंधनच नव्हते. मला यात आमच्या कारखान्यांतला जुना प्रकार दिसतो. घड्याळ घेऊन साहेब येतो, सगळ्यांत चपळ पोराला दहा मिनिटे काम करायला लावतो, आणि त्या दहा मिनिटांचा वेग आठ तासांचे उत्पादन म्हणून सगळ्या खात्यावर लादतो. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने नोव्हेंबर १९७४ पासून यावर नियम लागू केला. अँप्लिफायर आधी तासभर एकतृतीयांश शक्तीवर चालवून तापवायचा. मग दोन्ही बाजू एकदम चालवून, निदान पाच मिनिटे टिकेल ती अखंड शक्ती मोजायची. आणि विकृती किती टक्के, कंपनांची व्याप्ती कोठून कोठे, हे आकड्याशेजारी छापायचे. म्हणजे चपळ पोराची दहा मिनिटे नव्हेत, पाळीच्या शेवटी दमलेल्या माणसाचे काम मोजायचे. कारखानदारांनी ओरड केली की यंत्र फार तापते. २००० साली एकतृतीयांशाचा एकअष्टमांश करून देण्यात आला. २०२४ मध्ये आयोगाने नियम पुन्हा घट्ट केला आणि मोजणीच्या अटी सर्वांना सारख्या केल्या.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात खोक्यांवर 'पी.एम.पी.ओ.' ही चार अक्षरे आली ती आठवत असतील. टेपरेकॉर्डरवर १००० वॉट, संगणकाच्या चिमुकल्या स्पीकरवर ५०० वॉट. मागचा अडॅप्टर उलटून पाहिला तर १२ व्होल्ट, एक अँपिअर. म्हणजे सगळी मिळून १२ वॉट वीज आत जाते. बारा आत आणि पाचशे बाहेर! असे होत असते तर कोयनेचे धरण बांधायचे कारण नव्हते. पगाराच्या कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा पगार यांत फरक असतो हे कामगार जाणतो. तोच कामगार बोनसच्या पैशातून हे पाचशे वॉट मात्र विश्वासाने घरी नेत असे.

फसवणुकीचा दुसरा परिणाम यंत्रावर होई. वेटोळे म्हणजे केसासारखी बारीक तांब्याची तार, डिंकाने चिकटविलेली. शंभरातले नव्व्याण्णव वॉट तिथेच जळतात. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. २० अंशांवरून २०० अंशांवर गेले तर तो सुमारे पावणेदोनपट होतो, आणि तेवढ्याच विजेच्या दाबाला आवाज चार-साडेचार डेसिबलनी कमी पडतो. ऐकणाऱ्याला वाटते गाणे मंदावले. तो बटण आणखी फिरवितो. तार आणखी तापते. आणि एका रात्री डिंक सुटतो. दुरुस्तीच्या दुकानात 'कॉइल जळली' म्हणतात ते हे. यावर कापडाऐवजी उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात खाचेत लोहचुंबकी तेल भरू लागले. ते तेल मुळात १९६३ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत अवकाशयानाच्या इंधनासाठी शोधले गेले होते.

ता. क. म्हणावा असा एक मुद्दा येथेच उरकतो. आपल्या मिरवणुकांत भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांना 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातला खरखराट कमी करण्यासाठी. आवाज कमी करण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या नावावर महाराष्ट्राने हे पाप मांडले आहे.

मग 'स्पीकर न फाटता किती मोठा वाजतो' याचा एक प्रामाणिक आकडा निघाला की नाही? निघाला, पण फार उशिरा. अमेरिकेतल्या ग्राहक-इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००६ साली खर्जाच्या स्पीकरांसाठी पद्धत ठरविली. साडेसहा हेलकाव्यांचा छोटा ठोका द्यायचा, आवाज पायरीपायरीने वाढवीत न्यायचा, आणि पदरच्या स्वरांनी ठरलेली मर्यादा ओलांडली की त्याच्या आधीची पायरी लिहून ठेवायची. आकडा डेसिबलचा, वॉटचा नाही. २०२२ साली ध्वनि-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने संगीतासारख्या उठावाच्या गोंगाटाने मोजण्याचे प्रमाण प्रसिद्ध केले. अलीकडच्या मूठभर आकाराच्या स्पीकरांत तर संगणकाची चकती शंकूवर मुकादमासारखी नजर ठेवते; आवाज वाढविला की ती गुपचूप खर्ज काढून घेते. तो स्पीकर फाटत नाही, पण मोठ्या आवाजात त्यात तबल्याचा डग्गा उरत नाही. कपात झाली आहे, पावती मिळालेली नाही.

शेवटी एक फाटणे असे आहे की जे यंत्रात नसते. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १८८६ साली बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांचे कान तपासले. त्यांतल्या बहुसंख्यांना सार्वजनिक सभेतले भाषण नीट ऐकू येत नव्हते. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर स्त्रिया ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचे बोलणे ओळखीत. आपल्याकडे कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा नोंदला गेला तो १९८७ च्या दुरुस्तीने. मुंबईत गिरण्यांचे साचे त्याआधी शंभराहून अधिक वर्षे खडखडत होते. माझे वडील साचेखात्यात होते. संध्याकाळी ते रेडिओ असा लावीत की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडे. सहा इंची स्पीकर घरघरू लागे, बातम्या देणाऱ्याचा 'स' चिरका होई, आणि ते म्हणत, आता कुठे बरे लागले. मध्येच भांडे पडले तर मात्र ते दचकत.

ते दचकणे का, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात सापडले. गोंगाटाने कानातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. ऐकू न येणे आणि सहन न होणे यांमधली पट्टी अगदी अरुंद होते. नुसता आवाज वाढविणारे श्रवणयंत्र या माणसाला निरुपयोगी. एका टोकाला कमी पडते, दुसऱ्या टोकाला कान फाडते. या प्रश्नावर ज्याने मार्ग काढला तो पुन्हा एडगर व्हिल्चरच. १९६७ साली त्याने आपली स्पीकरची कंपनी विकली आणि तो बहिरेपणाच्या अभ्यासाला लागला. स्वरांच्या पट्ट्या वेगळ्या करायच्या आणि प्रत्येक पट्टीतला हळू आवाज पुष्कळ, मोठा आवाज थोडाच वाढवायचा, अशी त्याची पद्धत. ती त्याने १९७३ साली अमेरिकन ध्वनिशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात छापून मोकळी केली. स्पीकरच्या खोक्याचे पेटंट त्याने घेतले होते. याचे घेतले नाही. पुढे कारखान्यांनी तीच पद्धत श्रवणयंत्रांत बसविली.